घरी बांधायची लाकडी शिडाची बोट: आकार ठरवण्यापासून पहिल्या सफरीपर्यंत

खोल समुद्रात नेण्याजोगी लाकडी शिडाची बोट घरच्या शेडमध्ये बांधता येते. त्यासाठी जहाजबांधणीची पदवी लागत नाही. रंध्याला धार लावता आली, गुण्याने काटकोन तपासता आला आणि एकच काम न कंटाळता शंभरदा करता आलं की सुरुवात करायला हरकत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच. हौसेने बांधायला घेतलेल्या बोटींपैकी वादळात गेलेल्या थोड्या, अर्ध्यावर सोडून दिलेल्या पुष्कळ. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना दोन प्रश्न विचारा: याने बोट पूर्ण व्हायला मदत होईल का, आणि याने पाणी बाहेर राहील का? बाकी सगळं त्यानंतर.

आकार

बोटीची मेहनत आणि खर्च लांबीवर नव्हे, वजनावर ठरतो. वजन लांबीच्या घनाने वाढतं. ८ मीटरची बोट त्याच प्रमाणात १० मीटरची केली तर लांबी पावपट वाढते, वजन मात्र जवळपास दुप्पट होतं. त्यामागून शिडं, दोर, नांगर, इंजिन, रंग सगळंच वाढत जातं. ‘अजून जराशी मोठी असती तर’ हा मोह कागदावरच मोडून काढा.

खालची मर्यादा सामानाने ठरते. दोन माणसं, किनारा न दिसणारे ३० दिवस असा हिशेब मांडा. पाणी माणशी रोज ३ लिटर, म्हणजे १८० लिटर, वर ६० लिटर राखीव. अन्न माणशी रोज २ किलो धरलं तर १२० किलो. ८ मिलिमीटरची ६० मीटर साखळी सुमारे ८५ किलो. त्यात नांगर, हत्यारं, सुटे भाग, लाइफराफ्ट, कपडे आणि खुद्द माणसं. बेरीज सहज पाऊण टनावर जाते. दीड टनाची हलकी बोट एवढ्या ओझ्याने पाण्यात दबते, वळायला जड होते आणि डिझायनरने मांडलेलं स्थैर्याचं गणित बिघडतं. पहिल्या बोटीसाठी साडेसात ते नऊ मीटर लांबी आणि अडीच ते चार टन वजन हा पट्टा मला योग्य वाटतो.

छोट्या बोटीची लाज वाटायचं कारण नाही. १९६० साली अटलांटिक पार करण्याच्या पहिल्या एकांडी शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर दुसरे आले ते ‘जेस्टर’ नावाच्या २५ फुटी लाकडी बोटीतून, ४८ दिवसांत. लॅरी पार्डी यांनी स्वतः बांधलेली ‘सेराफिन’ याहूनही किंचित लहान होती, तिला इंजिन नव्हतं, आणि ते व लिन पार्डी तिच्यातून वर्षानुवर्षं हिंडले. वेग मात्र बेताचाच मिळेल. पाण्यातली लांबी ७ मीटर असेल तर साधारण साडेसहा नॉट (तासाला साडेसहा सागरी मैल) ही बोटीची स्वाभाविक कमाल, आणि चोवीस तासांत १०० सागरी मैल ही समाधानाची सरासरी.

वेळेचा हिशेबही इथेच करा. या आकाराला ढोबळ ३,००० तास धरा. आठवड्याला १० तास मिळत असतील तर सहा वर्षं, २० तास मिळत असतील तर तीन. हा आकडा घरातल्यांना आधीच सांगावा.

नकाशे विकतच घ्या

स्वतः डिझाइन करू नका, आणि विकत घेतलेल्या डिझाइनमध्ये सुधारणाही करू नका. केबिनचं छप्पर १५ सेंटीमीटरने उंच केलं तर उभं राहायला बरं वाटतं. पण ते वजन वर चढतं आणि वाऱ्याला जास्त पृष्ठभाग मिळतो. डिझायनरला थेट प्रश्न विचारा. या नकाशावरून किती बोटी पूर्ण झाल्या? त्यांतल्या किती महासागर ओलांडून गेल्या? सामानासकट वजन किती धरलंय? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बोट किती अंशांपर्यंत कलली तरी आपोआप सरळ होते?

हा शेवटचा प्रश्न पुस्तकी नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या होत्या. वादळात त्यांतल्या कित्येक आडव्या झाल्या, काही पूर्ण उलटल्या आणि १५ स्पर्धक दगावले. त्यानंतर रुंद, उथळ आणि हलक्या बोटींच्या स्थैर्याकडे लोक गांभीर्याने बघू लागले. खोल समुद्रासाठी १२० अंश किंवा त्याहून जास्तच असावेत असं माझं मत आहे. डिझायनर हा आकडा द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा डिझायनर बघा.

डिझायनर जेम्स व्हॅरम यांच्या प्लायवूडच्या कॅटमरान, म्हणजे दोन हलच्या (पाण्यात बसणाऱ्या अंगांच्या) बोटी, याही घरी बांधायला सोप्या, आडवे वासे चक्क दोरांनी बांधलेले. पण कॅटमरान उलटली की उलटीच राहते. हा सौदा समजून करायचा असेल तर खुशाल करा. पुढचं सगळं मी एका हलच्या बोटीबद्दल लिहितो आहे.

पद्धत

जुनी पद्धत म्हणजे फ्रेमवर फळ्या ठोकून त्यांच्या सांध्यांत सुती दोरा ठासायचा. फळ्या पाण्याने फुगतात आणि सांधे आवळले जातात. देखणं काम, पण हात बसलेला कारागीर लागतो, आणि सांधा कधी ना कधी तोंड उघडतोच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी बोट. सफरीच्या सुरुवातीलाच कीलजवळचा (बोटीच्या तळाच्या कण्याजवळचा) सांधा गळू लागला, तेव्हा त्यांना भर समुद्रात पाण्याखाली उतरून दोरा ठासावा लागला आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी मारावी लागली.

अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यावर फायबरग्लासचं कापड चढवण्याची पद्धत गोलसर, सुंदर हल देते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली तिचा हल असाच, लाकडी गाभा आणि बाहेरून फायबरग्लास. घासकाम मात्र प्रचंड.

नवख्याने मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) हा मार्ग घ्यावा, असं मी स्पष्टच सांगतो. सपाट तक्ते, कडेला धारदार कोन, आत लांब पट्ट्या आणि आडव्या भिंती, म्हणजेच बल्कहेड. कोन दिसतात म्हणून काही लोक नाकं मुरडतात. पण बोट कितीतरी आधी पाण्यात जाते.

त्याआधी याच पद्धतीने अडीच मीटरची छोटी होडी बांधा. मोठी बोट नांगरल्यावर किनाऱ्याला जायला ती लागणारच आहे. तक्ते जोडणं, इपॉक्सी मिसळणं, कापड चढवणं हे सगळं तिच्यावर शिकता येतं, आणि ही मेहनत पुढे नकोशी होणार असेल तर तेही तिच्यावरच कळतं.

जागा आणि हत्यारं

शेड बोटीपेक्षा दोन मीटर तरी लांब आणि दोन्ही बाजूंना मीटरभर मोकळी असावी. कोरडी असावी, पण कोंदट नको. बोट दारातून बाहेर निघेल का, क्रेन किंवा ट्रेलर दारापर्यंत येईल का, हे आधी टेपने मोजा. वाचताना हसू येईल, पण भिंत पाडून बाहेर काढलेल्या बोटी आहेत.

हत्यारं फार लागत नाहीत. हातकरवत, सर्क्युलर सॉ, जिगसॉ, ड्रिल, एक मोठा आणि एक छोटा रंधा, पटाशा, सँडर, ओळंबा, पाणसळ. क्लॅम्प मात्र कितीही असले तरी कमीच पडतात. जाड पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे चिरले की स्वस्तातले क्लॅम्प तयार होतात. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल एवढ्या लांबीवर पाणसळीपेक्षा भरवशाची.

धुळीचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

लाकूड

प्लायवूड बीएस १०८८ या मानकाचंच घ्या. नुसता ‘मरीन’ असा शिक्का पुरेसा नाही. शंका असेल तर हातभर तुकडा काही तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर तो माल परत करा. तक्त्याची कड निरखून बघा. आतल्या थरात पोकळी दिसली तर तिथे पाणी साठणार आणि कुजणं तिथूनच सुरू होणार.

फ्रेम आणि पट्ट्यांसाठी सरळ रेषांचं, गाठी नसलेलं, वाळलेलं लाकूड हवं. इपॉक्सीसाठी ओलावा ८ ते १२ टक्के असावा; मीटरने मोजा, अंदाजाने नको. डग्लस फर आणि महोगनी छान चिकटतात. सागवान टिकाऊ, पण तेलकट. चिकटवण्याच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. रेड ओक घेऊ नका, त्याच्या नळ्यांमधून पाणी आरपार चढतं.

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला गोडं पाणी आवडतं. म्हणून लाकडी बोटी तळाकडून कमी आणि डेककडून जास्त कुजतात. पावसाचा एक थेंब स्क्रूच्या भोकातून आत गेला आणि त्याला बाहेर पडायला हवा मिळाली नाही, एवढं पुरतं. समुद्राच्या पाण्यातला शत्रू वेगळा: लाकूड पोखरणारा टेरेडो हा शंखवर्गी किडा. त्याच्यापासून बचाव म्हणजे न फुटलेलं फायबरग्लास आणि वरून तांबेयुक्त रंग.

इपॉक्सी

घरी बांधलेली बोट याच्या जोरावर उभी असते, म्हणून इथे घाई नको.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण कंपनी देईल तेच. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कधीच नीट घट्ट होत नाही. प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, ते डब्यावर वाचा. दोन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. भरलेलं भांडं तसंच ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं; मिसळलं की लगेच उथळ ताटलीत पसरा. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो.

सांधा चिकटवताना आधी दोन्ही पृष्ठभागांना पातळ इपॉक्सी लावा, लाकडाला पिऊ द्या. मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं मिश्रण लावून जोडा. क्लॅम्प हलकेच आवळा. सुतारकामातल्या फेव्हिकॉलच्या सवयीने करकचून आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

कोपऱ्यांत बारीक लाकडी पीठ मिसळलेल्या इपॉक्सीची गोलाई भरा आणि ती ओली असतानाच वर फायबरग्लासची पट्टी चढवा. हलके मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पावडर) फक्त घासून सपाट करण्याच्या पुट्टीसाठी वापरा, सांध्यात कधीही नाही.

उघड्या लाकडावर पहिला हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्यावा. सकाळी दिला तर लाकडातली हवा तापून फुगते आणि लेपात बुडबुडे येतात. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा, त्यानंतरच पॉलिश पेपर मारा; उलटं केलं तर तो थर घासला जाऊन आत बसतो आणि पुढचा रंग सुटतो. आतबाहेर सगळीकडे तीन हात. तक्त्याच्या कडांना जास्तच, कारण पाणी सर्वांत वेगाने शिरतं ते कडेनेच.

कातडीला लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसू नका, थिनर ते आत नेतं. साबण आणि पाणी. एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती जात नाही, आणि अर्धवट बोटीसमोर हात बांधून बसावं लागतं.

फर्मे आणि हल

ऑफसेटच्या तक्त्यावरून, म्हणजे नकाशातल्या मापांच्या कोष्टकावरून, बोटीच्या रेषा पूर्ण मापात जमिनीवर किंवा पांढऱ्या रंगवलेल्या प्लायवर काढतात, हे लॉफ्टिंग. आजकाल पुष्कळ डिझायनर पूर्ण मापाचे छापील कागद किंवा सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापलेले भाग देतात. मिळत असतील तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

बोट उलटी, तळ वर करून बांधायची. आधी दोन सरळ, जड वाशांचा भक्कम पाया करून जमिनीला पक्का करा. मधोमध ताणलेली तार ही मध्यरेषा. प्रत्येक फर्मा (बोटीच्या आडव्या छेदाचा साचा) आणि बल्कहेड तिच्यावर ओळंब्याने, पाणनळीने आणि कर्णाची मापं घेऊन बसवा. इथे घालवलेला आठवडा पुढचे महिने वाचवतो. मग लांब पट्ट्या वाकवून बसवा, आणि एक डोळा मिटून टोकाकडून बघत राहा. कुठे पोक किंवा खळगा दिसला तर रंध्याने आत्ताच काढा. प्लाय चढल्यावर तो लपत नाही, चकाकत्या रंगाखाली तर उठूनच दिसतो.

तक्ते २.४४ मीटरचे असतात, म्हणून ते लांबीत जोडावे लागतात. दोन्ही कडांना जाडीच्या आठपट उतार द्या: ९ मिलिमीटरच्या प्लायला ७२ मिलिमीटर. तीन-चार तक्ते पायऱ्यांसारखे एकावर एक ठेवून सगळ्यांचा उतार एकदम रंध्याने काढता येतो. थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर. तक्ते चढवून झाले की धारदार कोन गोल करा, म्हणजे कापड तिथे उचललं जाणार नाही. मग पूर्ण हलवर फायबरग्लास.

हल उलटवायचा दिवस मित्रांना बोलवायचा. बाहेरून लाकडी कडी करून तिच्यावर लोळवतात किंवा दोन पट्ट्यांत झेलून क्रेनने फिरवतात. कील बसवायच्या आधीच उलटवा. एवढं झालं की बोट झालीच असं वाटतं. खरं तर एकूण कामाचा जेमतेम तिसरा हिस्सा झालेला असतो. पुष्कळ बोटी सोडल्या जातात त्या याच टप्प्यावर.

कील

शिसं लोखंडापेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून बोटीचं वजन खाली कीलमध्ये ठेवायला उत्तम. ते ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे घरी ओतायचा मोह होतो. साच्यात जराशी ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं उसळतं, आणि वाफारा विषारी. लाकडी फर्मा तुम्ही बनवा, ओतकाम फाउंड्रीला द्या. किती आकसेल ते त्यांनाच विचारून फर्म्याचं माप ठरवा.

कीलचे बोल्ट सिलिकॉन ब्राँझचे असावेत. ३१६ स्टेनलेसही चालतं, पण ओल्या, हवा न मिळणाऱ्या लाकडात ते आतून खड्डे पडून झिजतं, वरून चकचकीतच दिसतं. पितळेचे स्क्रू पाण्याखाली कधीच नको. त्यांतलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. बोल्टचा भार नुसत्या तळावर न येता हलच्या आतल्या जाड आडव्या तुळयांवर यावा. नकाशात त्या जेवढ्या आहेत तेवढ्या बसवा, एकही गाळू नका. जस्ताचे अ‍ॅनोडही (धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) भारंभार लावू नका. अति संरक्षणाने धातूभोवतीचं लाकूडच मऊ पडतं.

डेक, आणि पाणी बाहेर ठेवणं

डेकवर बसणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी एक नियम: भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, मग त्यात योग्य मापाचं भोक पुन्हा पाडा. बोल्ट लाकडाला शिवतच नाही. किचकट आहे, पण करावं. डोलकाठीच्या तारा ज्यांना अडकतात त्या चेनप्लेट डेकमधून आत न नेता हलच्या बाहेरून बोल्टने बसवा. गळतीची एक जागा कमी, आणि तपासायला डोळ्यांसमोर.

कॉकपिट, म्हणजे डेकवरची बसायची खोलगट उघडी जागा, लहान ठेवा. २ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर खोल एवढाच असला तरी एका लाटेत ४८० लिटर पाणी मावतं, जवळपास अर्धा टन. ते वाहून जायला कमीत कमी ३८ मिलिमीटरच्या दोन मोऱ्या. केबिनच्या दाराच्या फळ्या आतून-बाहेरून अडकवता याव्यात आणि बोट उलटली तरी निसटू नयेत.

पाण्याखाली जितकी भोकं कमी तितकी झोप जास्त. ६० सेंटीमीटर खोलीवर ३८ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. हाताच्या पंपाला ते झेपत नाही. म्हणून प्रत्येक भोकाला ब्राँझचा सीकॉक (पाणी बंद करायची तोटी), पाइपवर दोन क्लिप, आणि शेजारीच दोरीने बांधलेली निमुळती लाकडी खुंटी.

डोलकाठी, आतलं काम, रंग

पोकळ लाकडी डोलकाठी घरी छान होते. लांबीचे सांधे १२ पट उताराचे. तारा १×१९ विणीच्या (एकोणीस तारा एकत्र पिळलेल्या), ३१६ स्टेनलेसच्या. तारांशिवाय उभी राहणारी काठी आणि जंक शीड (आडव्या काठ्या लावलेलं चिनी पद्धतीचं शीड) हा साधा, स्वस्त पर्याय आहे. वाऱ्याविरुद्ध जाताना ते थोडं मागे पडतं, पण शीड कमी करायला डेकवर जावं लागत नाही. ‘जेस्टर’ला तेच होतं. शिडं मात्र चांगल्या शिडकाराकडून शिवून घ्या.

आतलं फर्निचर हलकं आणि काढता येणारं करा, म्हणजे हलचा कुठलाही भाग हाताने चाचपता येईल. हवा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत खेळली पाहिजे. झोपायची जागा बोटीच्या मध्यावर, कड उंच. वायरिंगला कथील चढवलेली तांब्याची तार वापरा. इपॉक्सी उन्हाने खराब होतं, त्यामुळे उघडी जागा सोडू नका, सगळीकडे रंग किंवा व्हार्निश. डेकला फिकट रंगच. गडद डेक उन्हात इतका तापतो की इपॉक्सी मऊ पडू लागतं.

कागदपत्रांचं विसरू नका. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि प्लाय-इपॉक्सीची बिलं जपा, आणि सांधे कापडाखाली झाकायच्या आधी सर्वेयरला एकदा दाखवा. नोंदणी आणि विम्याला हेच लागतं. नियम देशागणिक वेगळे: युरोपीय संघात स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या बोटीला मनोरंजन नौकांच्या नियमांतून सूट मिळते, पण ती पाच वर्षं विकता येत नाही.

पाण्यात

बोट क्रेनच्या पट्ट्यांत असतानाच सगळे सीकॉक बंद करा. टेकली की पट्टे न सोडता आत उतरून टॉर्चने प्रत्येक भोक आणि कीलचा प्रत्येक बोल्ट बघा. कोरडं असेल तरच पट्टे सोडा. रात्री कोणीतरी बोटीवर झोपा.

पहिला मोसम किनाऱ्याजवळच. आधी मंद वारा, मग २० नॉट, मग मुद्दाम ३० नॉटमध्ये बंदराच्या तोंडाशी. बोट वाऱ्यात जागच्या जागी तोलून धरता येते का, ते वेगवेगळ्या शिडांनी करून बघा; वादळात हीच विश्रांती. सुकाणू तुटलं असं धरून नुसत्या शिडांवर दिशा राखा. प्रत्येक फेरीनंतर तारांचा ताण, चेनप्लेटचे बोल्ट आणि सुकाणूच्या बिजागऱ्या तपासा. मोसम संपला की बोट बाहेर काढा, बिल्जमधल्या (बोटीच्या सर्वांत खालच्या पोकळीतल्या) कोपऱ्यांत ओलावा मोजा, तडा गेलेला लेप खरवडून लाकूड पूर्ण वाळवा आणि पुन्हा लेप द्या. त्यानंतरची पहिली लांब सफर तीन-चार दिवसांची ठेवा, आणि हवामानाचा अंदाज चांगला असेल तेव्हाच निघा.